पोथीबाबांची उत्तरपूजा

माझ्या आत्याच्या देवघरात बाळकृष्ण होता, अन्नपूर्णा होती, कुळाचे टाक होते आणि पोथीबाबा होते. पहिले तीन कुठल्याही घरी सापडतील. पोथीबाबा मात्र अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात तिच्या एकटीकडे होते आणि ह्या गोष्टीचा तिला भारी तोरा होता. घरी आलेल्या माणसाला पाणी देण्याआधी ती त्याला बाबांपुढे नेऊन उभं करायची.

पोथीबाबा म्हणजे तळहाताहून थोडं मोठं, काळपट असं एक चित्र. खिडकीशी बसलेला दाढीवाला म्हातारा, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, मांडीवर जाडजूड पोथी, मान खाली. खिडकीतून थोडा उजेड पोथीवर आणि दाढीवर पडलेला, बाकी सगळा अंधार. त्याला सागवानी चौकट आणि काच. काचेवर हळदकुंकवाचे थर आणि निरांजनाची काजळी इतकी, की चित्रातला अंधार कुठे संपतो आणि आत्याच्या घरातला कुठे सुरू होतो ते कळत नसे.

हे बाबा घरात आले कसे, ती हकिगत आत्या रंगवून सांगायची. तिचे सासरे निजामाच्या अमलात जंगलखात्याच्या कचेरीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारे कारकून. तिथला गोरा साहेब नोकरी सोडून विलायतेला परत निघाला तेव्हा त्याने घरातलं सामान वाटून टाकलं. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला कंदील, पेशकारांना हे चित्र. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बारीक गिचमिड अक्षरं होती. सासरे मोडी वाचण्यात पटाईत. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं आणि निकाल दिला की ही मोडीतली ‘श्री’ आहे. साहेबाच्या भिंतीवर असला तरी माणूस आपलाच, कुणीतरी सत्पुरुष. पेशकारांच्या वाचनावर कचेरीत कुणी शंका काढत नसे, मग घरात कोण काढणार? बाबा देवघरात बसले ते बसलेच.

आता गंमत बघा. मी हैदराबादला चित्रकला शिकलो. तिथे एचिंगच्या वर्गात तेजाबाच्या वाफेने खोकून खोकून बेजार झालो. सुट्टीत गुडीहत्नूरला आत्याकडे आलो की रोज सकाळी त्याच बाबांना नमस्कार करत होतो. पण मला कधी काही उमगलं नाही. देवघरात आपण हात जोडतो, बघत नाही.

ऐंशीच्या दशकात मी उटनूरच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. मुलं मला ‘बोम्मला सारू’ म्हणत, म्हणजे बाहुल्या-चित्रांचे सर. त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मी कधी विचारलं नाही. एका नवरात्रात बसच्या कंडक्टरबरोबर आत्याचा निरोप आला, की बाबांना अपघात झाला, ताबडतोब ये. आमच्या घरात बाबा म्हणजे वडील नव्हेत हे माहीत असूनही मी मिळेल ती बस पकडली.

गेलो तर आत्या देवघराच्या उंबऱ्यावर बसलेली. नवरा गेल्यापासून ती त्या घरात एकटीच राहायची. शेत बटईने दिलेलं आणि बाकी सगळा वेळ देवांचा.

“हुप्प्या आला न बाप्पा खिडकीतून,” ती म्हणाली. “केळं नेलं त नेलं, बाबाले बी खाली पाडलं.”

काचेचे तीन तुकडे झाले होते. एक तुकडा आत घुसून कागदाच्या कडेला खरचटला होता.

“आता खंडित झाले ते,” आत्या म्हणाली. “देवघरात ठेवता येत नाई. घट उठू दे, दिवाळी होऊ दे. त्रिपुरी पुनवेले पैनगंगेत सोडून येऊ. तू चाल मायासंग.”

खंडित देव घरात ठेवत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. हे मलाही पाठ होतं, म्हणून मी मान डोलावली.

“अन् हे पाय, चौकट कायले सोडतं पान्यात? सागवानी हाये. ते काढून घे.”

मी पक्कड घेऊन ओसरीत बसलो. मागचे गंजलेले खिळे काढले, फळी काढली आणि कागद उजेडात हातावर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी पोथीबाबांकडे काचेशिवाय पाहिलं.

पहिल्यांदा समजलं ते बोटांना. चित्राच्या चारही बाजूंनी कागदात एक खोलगट चौकोन दाबलेला होता. धातूचा पत्रा ओल्या कागदावर ठेवून प्रेसमधून रेटला की असा दाब उमटतो. तो पुसला जात नाही आणि छापील कॅलेंडरला तो नसतो. मग मी काळ्या भागावरून करंगळी अगदी हलकी फिरवली. शाईच्या रेघा कागदावर उभ्या राहिल्या होत्या, रांगोळीची रेघ जमिनीवर उठून दिसते तशा.

वाचणाऱ्याला हे काम माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा, त्यावर मेणाचा पातळ लेप चढवायचा. त्या मेणावर सुईने चित्र काढायचं, म्हणजे सुई गेली तिथे तांबं उघडं पडतं. मग पत्रा तेजाबात बुडवायचा. तेजाब उघड्या रेघा खातं, मेणाखालचं तांबं सोडून देतं. नंतर मेण काढून त्या खाल्लेल्या रेघांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओला कागद ठेवून दाब द्यायचा. वर्गात मला ह्यातून एक धड पेरू काढता आला नव्हता. आणि इथे कुणीतरी ह्याच रीतीने अंधार काढला होता. एकावर एक रेघांची जाळी, तिच्यावर आणखी जाळी, आणि त्या जाळीतून दिसणारा खोलीचा कोपरा. पोथीवर पडलेल्या उजेडात तर एकही रेघ नव्हती. तो नुसता कोरा कागद होता आणि तरी तो उन्हासारखा गरम वाटत होता.

मग मला खालच्या कोपऱ्यातली ‘श्री’ आठवली. पत्र्यावर जे काढाल ते कागदावर उलटं येतं. उजवा हात डावा होतो, अक्षरंही उलटी होतात. मी कोनाड्यातला आरसा काढून त्या कोपऱ्यासमोर धरला. आरशात सासऱ्यांची मोडी ‘श्री’ सुलटी झाली. एकमेकांत गुंतलेली रोमन लिपीतली दोन अक्षरं आणि त्यांच्यापुढे साल. ते साल वाचून मी आरसा खाली ठेवला. शिवाजी महाराजांच्या काळातला कागद मी मांडीवर घेऊन बसलो होतो, पक्कड शेजारी ठेवून.

आत्याला बोलावून सगळं सांगितलं. तिने आरशात पाहिलं, कागदावर पाहिलं.

“म्हंजे सासरेबुवा चुकले?”

“चुकले.”

“मोडीत त ते कदी चुकले नाईत.”

“आत्या, ही मोडी नाहीच ना.”

“मंग हा कोन होय?”

“कुणीतरी म्हातारा. त्या चित्रकाराच्या गल्लीतला असेल. बसवला असेल समोर.”

मला वाटलं, आता आत्या रडते की काय. पण ती रडणाऱ्यातली नव्हती.

“लग्न होऊन आले तवापासून म्या याच्यापुढं हात जोडून राह्यले,” ती म्हणाली. “तुह्या आरशानं ते जोडलेले हात सुटतेत का?” आणि मग, “गल्लीतला असन नाईतर वैकुंठातला. खंडित ते खंडित. पुनवेले जाऊ.”

मी चिडलो. आवाज चढवला. पाण्यात सोडला की घटकाभरात लगदा होईल, इतकी वर्षं आणि इतका समुद्र ओलांडून आलेली गोष्ट तू बेडकांना घालणार का, असं काहीबाही बोललो. आत्याने ऐकून घेतलं. मग तिने मला जे विचारलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं.

“मी त्याले देव केलं. माया हातानं त्याचं काय होते ते पाहाची जबाबदारी मायी हाये का नाई? नदीत सोडलं त नदी सांभाळते. तुह्यापाशी दिलं त कोन सांभाळन?”

माझ्या उटनूरच्या खोलीत वाळवी होती. मी एवढंच म्हणालो, की पौर्णिमेच्या आत एका माणसाला दाखवू दे, मग तू म्हणशील तसं. ती कबूल झाली. कागद तिने धुतलेल्या धोतराच्या घडीत ठेवला आणि बाबांपुढचा दिवा लावायचं थांबवलं. रिकाम्या जागेकडे बघून ती रोज पूजा करत होती हे मला पुढे शेजारणीने सांगितलं.

तो माणूस म्हणजे हैदराबादच्या एका संग्रहालयातले अधिकारी. आदिवासींचे पितळी दिवे आणि दागिने पाहायला ते उटनूरकडे येत, आणि खेड्यांत मी त्यांच्याबरोबर दुभाषा म्हणून हिंडत असे. माणूस सडपातळ, चष्म्याला दोरी बांधलेला, बोलणं गोड पण वस्तूला कुणी घाईने हात लावला की अंगावर येणारा. मी कार्ड टाकलं. उत्तर नाही आलं. दिवाळी झाली, कापूस फुटला, वेचणी सुरू झाली, पौर्णिमा चार दिवसांवर आली. मी मनात पैनगंगेच्या पुलावर जायची तयारी करत होतो, आणि त्याच दुपारी त्यांची जीप आत्याच्या दारात, ओसरीसमोरच्या कापसाच्या ढिगाला घासून उभी राहिली.

त्यांनी आधी हात धुतले. मग कोरडे केले. मग पुन्हा पाहिले. कागदाखाली माझा ड्रॉइंग बोर्ड घेतला आणि भिंग लावलं. त्यांनी कागद दोन बोटांनी उचलून दाराच्या उजेडात आडवा धरला, तर कागदाच्या पोटातून एक आकृती वर आली. घुंगरांची टोपी घातलेला विदूषक. कागद बनवणाऱ्याची ती खूण होती. कागद ओला लगदा असतानाच आत बसवलेली, छपाईच्याही आधीची. इतकी वर्षं बाबांच्या पाठीशी एक विदूषक हसत बसला होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. आत्या तोंडावर पदर धरून बघत राहिली.

मग त्यांनी कागद पालथा केला. मागे दोन बारीक शिक्के होते आणि शिसपेन्सिलीचे पुसट आकडे. ते सांगू लागले आणि मी आत्याला मराठीत सांगत गेलो. असले छाप जमवणारे शौकीन लोक कागदाच्या पाठीवर आपला शिक्का मारून ठेवत. मालक मेला, घर विकलं, की छाप दुसऱ्याकडे जाई आणि दुसरा शिक्का बसे. हे चित्र कुणाचं, हे त्यांना नक्की सांगता येईना. हॉलंडातला माणूस, तिथला जो सगळ्यांत मोठा चित्रकार तो नव्हे, पण त्याच्या सावलीत शिकलेला कुणीतरी, असं म्हणाले. त्यांचा आवाज मात्र खाली गेला होता, देवळात जातो तसा. संग्रहालयात असे कागद कसकसे येतात तेही त्यांनी सांगितलं. एका नवाबाच्या आरशामागे लावलेला निघाला. एक गठ्ठा लिलावात जुन्या गालिच्यांबरोबर आला. एक कागद कुणाच्या बायकोने ट्रंकेत अस्तर म्हणून घातला होता. “लेकिन पूजा में से आजतक एक भी नहीं आया,” ते म्हणाले.

पुढचं सांगण्याआधी थोडं पुढे जातो. नव्वदच्या दशकात मी एका शिबिरासाठी हैदराबादला गेलो होतो. तेव्हा त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन एक चपटी पेटी उघडून दाखवली. जाड पांढऱ्या पुठ्ठ्यात कापलेली खिडकी, तिच्यात आमचा म्हातारा. कणकेच्या खळीने लावलेल्या दोन झिरझिरीत कागदी पट्ट्यांवर तो अलगद टांगलेला होता. त्यांनी पुठ्ठा उचलून मागची बाजू दाखवली. ते दोन जुने शिक्के, आणि त्यांच्याखाली मऊ पेन्सिलीने घातलेला संग्रहालयाचा नंबर. सोबतच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, जिल्हा आदिलाबाद. परदेशातल्या कुठल्या शहरात ज्याचा प्रवास सुरू झाला, त्याच्या पुठ्ठ्यावर आमच्या कापसाच्या मुलखाचं नाव होतं. त्या थंड खोलीत मी मोठा माणूस, मला हुंदका आवरेना. अधिकारी खिडकीकडे बघत उभे राहिले, ते बरं झालं.

पण त्या दुपारी हे काहीच ठरलेलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी आत्याला हात जोडून विचारलं, की अम्मा, हे तुम्ही संग्रहालयाला द्याल का? तुमच्या मर्जीशिवाय आम्ही नेत नाही.

“ठेवसान कुठं?” आत्याने मला विचारायला लावलं.

पेटीत, ते म्हणाले. बंद पेटी, बंद कपाट. उजेडाने कागद पिवळा पडतो, म्हणून कधीमधी थोडे दिवस बाहेर काढायचा आणि पुन्हा आत.

“दिवा?”

नाही.

“उदबत्ती, फूल? काईच नाई?”

तिथे काडी ओढायचीसुद्धा बंदी आहे, अम्मा.

आत्याने मान हलवली. तिचा चेहरा मला माहीत होता. असा चेहरा झाला की तिला बैलजोडी लावून हलवता येत नसे. “देवाले पेटीत कोंडून ठेवाचं अन् वर्सावर्सात कोनी पाहाचं नाई,” ती म्हणाली. “नदी बरी. नदीत लोकं येतेत तरी.”

मी हताश होऊन खांबाला टेकलो. अधिकाऱ्यांनी वाद घातला नाही. त्यांनी भिंग पुसलं आणि आत्याच्या हातात दिलं. नदीवर नेण्याआधी तुम्ही एकदा नीट बघा, म्हणाले, मग नदीत सोडा.

आत्या बोर्डाशेजारी खाली बसली. भिंग कसं धरायचं ते तिला आधी जमेना, मग जमलं. ती पोथीवरून दाढीवर गेली, दाढीवरून वर. आयुष्यभर ज्या तोंडापुढे तिने निरांजन ओवाळलं ते तिने काजळीशिवाय इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. ती खूप वेळ तशीच वाकून होती. पाठ दुखत असणार.

“बाबू,” ती हळूच म्हणाली, “हा वाचून नाई राह्यला.”

“मग?”

“डोये मिटेल हायेत त्याचे. निजला हाये.”

मी भिंग घेतलं. खरंच. पापण्यांच्या दोन रेघा, खाली झुकलेल्या, केसाहून बारीक. पोथी उघडी आणि अंगठा पानातून निसटलेला. मला, एचिंग शिकलेल्याला, महिनाभर रात्रंदिवस त्याचाच विचार करणाऱ्याला, हे दिसलं नव्हतं. अधिकारीही वाकले, पाहिलं आणि सरळ झाले.

आत्या भिंतीला टेकून बसली. “अन् मी रोज पहाटे त्याच्या कानापाशी घंटी वाजवत राह्यले,” ती म्हणाली. कुणी हसलं नाही. तीही हसत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते. नवऱ्याच्या दहाव्यालासुद्धा मी तिला असं पाहिलं नव्हतं.

मग तिने अधिकाऱ्यांना आपल्या हिंदीत स्वतःच विचारलं, “तुम्हारे पेटी में आवाज नई ना?”

“बिलकुल नहीं, अम्मा.”

“अंधेरा रहता?”

“अंधेरा ही रहता.”

ती उठली, आत गेली, हातपाय धुवून आली. देव हलवायचा तर त्याची उत्तरपूजा करावी लागते, ही आपली रीत. पूजा करून देवाला जा म्हणायचं, मूर्ती जागेवरून जराशी सरकवायची, की देव गेला आणि उरली ती नुसती माती. तिने गंधाची वाटी आणली तसे अधिकारी घाबरून पुढे झाले. ओलं नको, कुंकू नको. “कोरड्या अक्षता चालतेत का त्याईले विचार,” आत्या मला म्हणाली. त्यांनी विचार केला आणि मान डोलावली. तिने चार दाणे वाहिले, तेही कागदावर नाही, बोर्डाच्या कडेला. हात जोडले. गणपतीला निरोप देताना आपण पुन्हा या म्हणतो. ती तिथे अडखळली. “निजा आता,” एवढंच म्हणाली आणि बोर्ड दोन बोटं उत्तरेकडे सरकवला.

“झालं,” ती अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाली. “आता कागद हाये. ले जाव.”

त्यांनी तो दोन पुठ्ठ्यांमध्ये घातला, वर पातळ कापड बांधलं आणि मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. आत्या अनवाणी त्याच्या खिडकीशी गेली आणि वाकून म्हणाली, “भैया, हारन मत बजाना.”

ड्रायव्हरने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मांडीवरचा पुठ्ठा न हलवता मान डोलावली. जीप निघाली. हायवेला लागायच्या अलीकडे, वळणावर, एक म्हैस रस्त्याच्या मधोमध आडवी उभी होती. गाडी थांबली. आम्ही दोघं दारातून बघत होतो. ड्रायव्हर खाली उतरला, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तिला हळूहळू कडेला घेऊन गेला आणि मग येऊन पुन्हा गाडीत बसला.